वेबसॉकेटला कुलूप लावायचं कसं? सोपा सर्व्हर, पण एक गोची आहे

व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं असतं, मेसेज टपकतो, पण पान रिफ्रेश करावं लागत नाही. ही करामत वेबसॉकेटची. एरवी ब्राउझर मागतो, सर्व्हर देतो आणि विषय संपतो. वेबसॉकेटमध्ये फोन न ठेवल्यासारखी लाइन चालूच राहते, दोन्हीकडून कुणीही कधीही बोलू शकतं. २०११ मध्ये याचे नियम ठरले.

याचे दोन प्रकार आहेत. 'डब्ल्यूएस' म्हणजे उघडं पोस्टकार्ड. कॅफेच्या वायफायवर मध्ये बसलेला कुणीही वाचू शकतो. 'डब्ल्यूएसएस' म्हणजे बंद पाकीट. यात आधी टीएलएसचं कुलूप लागतं आणि मग ब्राउझर विचारतो, 'वेबसॉकेटवर यायचं का?' सर्व्हर १०१ या कोडने होकार देतो.

सर्व्हर बनवणं खरंच अवघड नाही. नोड जेएसमध्ये एचटीटीपीएस सर्व्हर सुरू करायचा, त्याला सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की या दोन फाइल्स द्यायच्या आणि त्यावर वेबसॉकेटची लायब्ररी बसवायची. पंधरा-वीस ओळींत काम होतं.

नवशिके अडकतात ते सर्टिफिकेटपाशी. घरी स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट ब्राउझर मानत नाही. साध्या पानावर निदान लाल इशारा तरी दिसतो. वेबसॉकेट मात्र गुपचूप तुटतं आणि माणूस रात्रभर कोडमधली चूक शोधत बसतो. बरं, वैतागून 'डब्ल्यूएस'वर यावं, तर एचटीटीपीएस पानावरून तसं कनेक्शन ब्राउझर उघडूच देत नाही. स्वतःचं डोमेन असेल तर लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट सर्टिफिकेट देते. मुदत फार तर ९० दिवस, त्यामुळे नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय आधीच करून ठेवलेली बरी. प्रायव्हेट की मात्र कोडसोबत गिटहबवर गेली, तर कुणालाही तुमच्या सर्व्हरचं सोंग घेता येईल.

कुलूप लागलं तरी दारावर कोण आलंय ते बघावंच लागतं. दुसऱ्याच साइटचं पानही तुमच्या सर्व्हरला वेबसॉकेट जोडू शकतं. म्हणून कनेक्शन घेताना 'ओरिजिन' तपासायचं आणि लॉगिनची खात्री करायची.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज: 'डब्ल्यूएसएस' फक्त वाट सुरक्षित करतं. पाकीट सर्व्हरवर उघडतं, त्यामुळे सर्व्हर चालवणारा तुमच्या गप्पा वाचू शकतो. त्यालाही कळू नये, तर मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद व्हावा लागतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात ते हेच. व्हॉट्सअ‍ॅप ते वेगळं लावतं. तुमच्या वीस ओळींच्या सर्व्हरमध्ये ते नाही.