तार दातावर, काम हाडात

सुट्टी लागली की दातांच्या दवाखान्यांत शाळकरी मुलं आणि त्यांचे आईवडील दिसू लागतात. कुणाचे पुढचे दात एकावर एक चढलेले, कुणाचे ओठांबाहेर डोकावणारे. मूल खुर्चीत बसतं न बसतं तोच पालकांचा प्रश्न येतो : ‘डॉक्टर, कोणती क्लिप चांगली? साधी, पांढरी की ती न दिसणारी?’ खर्चात मोठा फरक असल्यामुळे हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण उपचारांच्या क्रमात त्याची जागा बरीच नंतरची. त्याआधीचा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं : जबड्याच्या टणक हाडात रुतलेला दात मुळात सरकतो तरी कसा? हे नीट कळलं तर एवढा वेळ का लागतो, पहिले दिवस का दुखतं आणि तारा निघाल्यावरही दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर का लावायचा, याची उत्तरं त्यातच मिळतात.

दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मूळ आणि हाडाची खोबण यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरची फट असते. ती असंख्य सूक्ष्म तंतूंनी भरलेली असते. तंतूंचं एक टोक मुळात, दुसरं हाडात. झोळीत बाळ असावं तसा दात या तंतूंत तोललेला असतो. घास चावताना बसणारे हादरे तेच झेलतात. भातातला बारीकसा खडा दाताखाली आल्याबरोबर कळतो, तोही या तंतूंच्या पडद्यातल्या नसांमुळे.

दातावर सतत, हलका दाब दिला की या पडद्याची एक बाजू दबते आणि दुसरी ताणली जाते. दबलेल्या बाजूचा रक्तपुरवठा कमी होतो, पेशींमधून रासायनिक संदेश सुटतात आणि दोन-चार दिवसांत तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात. त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. ताणलेल्या बाजूला ऑस्टिओब्लास्ट या पेशी नवं हाड रचू लागतात. पुढचं हाड विरघळतं, मागचं भरून येतं आणि दात आपल्या खोबणीसकट पुढे सरकतो. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. तारेचं काम फक्त इशारा देण्याचं. बांधकाम शरीर करतं. म्हणूनच हाडात बसवलेला कृत्रिम इम्प्लांट कितीही ओढला तरी सरकत नाही. त्याच्याभोवती हा तंतूंचा पडदाच नसतो. त्याच्या या अचलपणाचा उपयोगही होतो. हल्ली हाडात छोटे स्क्रू बसवतात आणि त्यांच्या आधाराने बाकीचे दात ओढतात.

‘जरा घट्ट करा, म्हणजे लवकर होईल’ अशी घाई अनेकांना असते. ती का चालत नाही, हे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कळलं आहे. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्यांचे दात सरकवून हाडाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दाब जास्त झाला की दबलेल्या भागातल्या पेशी मरत होत्या आणि तो भाग काचेसारखा निर्जीव दिसत होता. अशा ठिकाणी दात काही आठवडे जागीच अडकतो. शरीराला मागच्या बाजूने हाड पोखरत तिथवर यावं लागतं. पुढे १९३२ मध्ये ऑस्ट्रियाच्या श्वार्ट्झ यांनी योग्य दाबाचं गणित मांडलं : सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडणार नाहीत इतपतच, म्हणजे मुळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. त्यानंतरच्या संशोधनाने आकड्यांत बारकावे आणले, पण तत्त्व टिकलं. अती जोर लावला तर मुळाचं टोक झिजण्याचा धोकाही वाढतो. दोन भेटींमध्ये चार ते आठ आठवडे सोडतात, ते या पेशींना त्यांच्या गतीने काम करू देण्यासाठी.

दुखण्याचं कारणही याच रसायनशास्त्रात आहे. तार बसल्यावर किंवा बदलल्यावर काही तासांत ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि आठवड्याभरात ओसरतो. हाडाच्या फेरबांधणीला लागणारी प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनंच वेदना जागवतात. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकी हीच रसायनं अडवतात, म्हणून बरेच डॉक्टर पॅरासिटामॉल सुचवतात. ते आपल्या डॉक्टरांनाच विचारून घ्यावं.

दात रांगेत आणण्याचा खटाटोप जुना आहे. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये छापलेल्या ग्रंथात धातूची पट्टी दोऱ्याने दातांना बांधण्याची पद्धत दिली आहे. या शास्त्राला शिस्त लावली ती अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी. वरच्या आणि खालच्या पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, यावरून त्यांनी १८९९ मध्ये चाव्यातल्या दोषांचे तीन वर्ग केले. आजही दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाच्या, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टच्या केसपेपरवर ‘क्लास टू’ असं लिहिलेलं दिसतं, ते अँगल यांचंच. दातावर बसवलेला ब्रॅकेट, त्यातली आयताकृती खाच आणि त्या खाचेतून जाणारी तार, ही रचनाही त्यांचीच, १९२८ च्या सुमाराची. खाच आयताकृती असल्यामुळे दात पुढे-मागे तर सरकतोच, शिवाय त्याचं मूळही हव्या त्या कोनात वळवता येतं.

त्या काळी प्रत्येक दाताला धातूचं कडं बसवावं लागे. हसलं की तोंडभर धातू दिसायचा. मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलं की फॉस्फोरिक आम्लाने दाताचं आवरण किंचित खडबडीत केलं की त्यावर राळ घट्ट धरून राहते. या शोधानंतर ब्रॅकेट थेट दातावर चिकटवता येऊ लागले. कडी आता बहुधा फक्त दाढांना लागतात. दुसरी मोठी देणगी नौदलाची. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाती निकेल आणि टायटॅनियमचा एक विलक्षण मिश्रधातू लागला. जॉर्ज अँड्रियासन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची तार दातांसाठी वापरली. १९८० च्या दशकात चीन आणि जपानमध्ये तिच्या आणखी लवचीक जाती तयार झाल्या. स्टीलची तार खूप वाकवली की जोर एकदम वाढतो आणि दात थोडा हलताच उतरतो. या तारेचा जोर मात्र हलका आणि बराच काळ जवळपास सारखा राहतो, म्हणजे त्या पेशींना हवा तसाच. रुग्ण ब्रॅकेटचा रंग निवडतो, पण माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला खरा फरक या तारेने पाडला आहे.

आता प्रकारांकडे वळू. स्टीलचे ब्रॅकेट दिसतात, पण मजबूत आणि सर्वांत स्वस्त असतात. अवघड केसमध्ये आजही भरवशाचे तेच. सिरॅमिकचे ब्रॅकेट दाताच्या रंगात मिसळून जातात. ते जरा ठिसूळ असतात आणि तारेशी त्यांचं घर्षण जास्त होतं. तार धरून ठेवणाऱ्या पारदर्शक रबरी रिंगा आपल्या वरण-भाजीतल्या हळदीने एक-दोन जेवणांतच पिवळ्या पडतात, हेही आधी माहीत असलेलं बरं. सेल्फ-लायगेटिंग प्रकारात रिंगेऐवजी छोटं झाकण असतं. यात उपचार लवकर संपतात अशी जाहिरात होते. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हा दावा टिकला नाही. दातांच्या आतल्या बाजूने बसणाऱ्या लिंग्वल ब्रेसेस बाहेरून दिसत नाहीत, मात्र सुरुवातीचे काही आठवडे जीभ सोलवटते, उच्चार अडखळतात आणि खर्चही बराच येतो.

अलाइनर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे काढता-घालता येणारे साचे. अमेरिकेत १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने त्यांना संगणकाची जोड दिली. दातांचं त्रिमितीय चित्र घेऊन सगळ्या हालचाली आधी पडद्यावर आखतात आणि त्यानुसार साच्यांची मालिका बनवतात. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा येतो. दिवसाचे २० ते २२ तास ते तोंडात असावे लागतात. फक्त खाताना आणि ब्रश करताना काढायचे. किरकोळ गर्दी किंवा फटी असलेल्या शिस्तीच्या माणसाला ते उत्तम. गोलसर सुळा स्वतःभोवती फिरवणं, दात खाली ओढणं किंवा मूळ लांबवर सरकवणं त्यांना जड जातं. डॉक्टरने तोंडात न पाहता घरपोच साचे पाठवण्याचा धंदाही निघाला होता. त्यातली अमेरिकेतली एक मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि कितीतरी लोकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. एक्स-रे न काढता, हिरड्या न तपासता दात हलवणं मला तरी धोक्याचंच वाटतं.

उपचारांची खरी सुरुवात होते ती तपासणीतून. ऑर्थोडॉन्टिस्ट आधी किडलेले दात आणि हिरड्या पाहतात. तिथे दोष असेल तर तो बरा होईपर्यंत तार लावत नाहीत. मूल अंगठा चोखतं का, तोंडाने श्वास घेतं का, गिळताना जीभ दातांवर ढकलतं का, हे विचारतात. कारण सवय तशीच राहिली तर सरळ केलेले दात पुन्हा बिघडतात. मग चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो, दातांचा साचा किंवा स्कॅन, सगळ्या दातांचा एक पसरट एक्स-रे आणि डोक्याचा बाजूने काढलेला एक. या दुसऱ्या एक्स-रेची प्रमाणित पद्धत अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी १९३१ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. त्यावर कोन आणि अंतरं मोजून ठरतं की दोष दातांत आहे की जबड्यांत. पुढे आलेले दिसणारे वरचे दात कितीदा जागेवरच असतात. मागे राहिलेला असतो खालचा जबडा.

दोष जबड्यात असेल तर उपचार वयाशी बांधलेले असतात. मागे पडलेल्या जबड्याला पुढे वाढायला मदत करणारी ट्विन ब्लॉकसारखी साधनं वाढीच्या जोमाच्या काळातच गुण देतात. मुलींमध्ये हा काळ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येतो. अरुंद टाळू रुंद करायची तर तिची मधली शिवण पक्की होण्याआधी. ही वेळ चुकली की प्रौढपणी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागू शकतो. म्हणून अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करून घ्या, असं सांगते. तपासणी म्हणजे लगेच तार नव्हे. सात ते बारा या वयात वरच्या पुढच्या दातांमध्ये फट दिसते आणि आई काळजीत पडते. पण सुळे खाली येतात तेव्हा ती फट पुष्कळदा आपोआप मिटते. उलट, किडलेली दुधाची दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून लवकर काढून टाकली जाते आणि खरं नुकसान तिथे होतं. शेजारची दाढ त्या जागेत कलते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही. अशा वेळी जागा राखणारं एक साधं साधन पुढची मोठी तार वाचवू शकतं.

जागा फारच कमी असेल तर उपदाढा काढाव्या लागतात. यावर या शास्त्रात मोठा वाद झाला. अँगल यांचा दात काढायला कडवा विरोध होता. त्यांचेच शिष्य ट्वीड आणि बेग यांनी काही रुग्णांत दात न काढता केलेलं काम टिकत नाही, हे दाखवलं. आपल्याकडे भीती वेगळीच असते, वरचा दात काढला की नजर जाते. दातांची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस पूर्णपणे वेगळ्या आहेत. दात काढल्याने डोळ्यांना काहीही होत नाही.

तार बसण्याचा दिवस बहुतेकांना वाटतो तेवढा भयंकर नसतो. काही दिवस आधी दाढांच्या मध्ये बारीक रबरी कडी अडकवतात, त्यामुळे धातूच्या कड्यांपुरती जागा होते. त्या दिवशी दात स्वच्छ करून त्यांवर आम्लाची जेल अर्धा मिनिट ठेवतात, धुऊन वाळवतात आणि निळ्या प्रकाशाने ब्रॅकेट पक्के करतात. इंजेक्शन लागत नाही. पहिली तार अगदी बारीक आणि गोल असते. गाल सोलवटला तर ब्रॅकेटवर मेण लावायचं. चिक्की, ऊस, सुपारी, कडक लाडू आणि कणसाला थेट चावा, हे सगळं बंद. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक जेवणानंतर ब्रश. तो चुकला तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग उमटतात. दात सरळ होतात, डाग कायमचे राहू शकतात.

साधारण दीड-दोन वर्षांनी तारा निघतात तेव्हा भोवतालचं हाड अजून कोवळं असतं, आणि हिरडीतले लवचीक तंतू नव्या जागेशी जुळायला वर्षभरही घेतात. तोवर ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. रिटेनर लागतो तो यासाठी. वयानुसार खालच्या पुढच्या दातांची गर्दी तशीही वाढत जाते. तिचा दोष अक्कलदाढेवर ढकलतात, पण संशोधनातून त्याला आधार मिळालेला नाही. रात्रीचा रिटेनर जितकी वर्षं लावाल तितकं चांगलं.

चाळिशी-पन्नाशीतही दात सरकतात. हिरड्या आणि हाड निरोगी हवं, एवढीच अट. खर्च जड जात असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आणि बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे पदव्युत्तर विद्यार्थी अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे उपचार करतात. खाजगी दवाखान्यात जाणार असाल तर डॉक्टरांनी बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एमडीएस केलं आहे का, हे निःसंकोच विचारा. एक्स-रे समोर ठेवून दोष दातांत आहे की जबड्यात, दात काढावे लागतील का आणि रिटेनर किती काळ लावायचा, हे समजून घ्या. क्लिपचा रंग त्यानंतर ठरवा. घरात सात वर्षांचं मूल असेल तर दात दुखण्याची वाट न पाहता या सुट्टीत त्याला एकदा दाखवून आणा.