टीका कुठे संपते, द्वेष कुठे सुरू होतो?

बेळगावात डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्याआधी सप्टेंबरमध्ये वायव्य सरहद्द प्रांतातील कोहाट येथे इस्लामचा अवमान करणाऱ्या कवितेचे निमित्त होऊन दंगल उसळली होती. तेथील हिंदूंना घरेदारे सोडून रावळपिंडी गाठावी लागली. या दंगलीविषयी बेळगावात ठरावही झाला.

काही महिन्यांतच, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यतेविरुद्ध बोलले. धर्माचा आधार सांगणाऱ्या रूढीवरच तो प्रहार होता. तरी त्याला द्वेष म्हणता येणार नाही. टीका रूढीला जाब विचारते. द्वेष मात्र एका समाजात जन्मलेल्या प्रत्येकाला दोषी ठरवतो.

कायदाही हा भेद मानतो. धर्माच्या अवमानाविषयीचे कलम २९५-अ १९२७ मध्ये दंड संहितेत आले. ते वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये स्पष्ट केले, की हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने केलेला अवमानच शिक्षापात्र आहे. अनवधानाने घडलेला नव्हे. भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम २९९ मध्ये, तर समाजांत वैर पसरविण्याविषयीची कलम १९६ मध्ये आहे.

श्रद्धा म्हणजे उन्माद नव्हे. एकाच्या शब्दांची शिक्षा त्याच्या साऱ्या समाजाला देणे धर्म्य वाटू लागते, तेव्हा श्रद्धेचा उन्माद होतो. कोहाटमध्ये नेमके हेच घडले. अवमानाची दाद न्यायालयात मागता येते. शेजाऱ्याचे जळालेले घर मात्र कोणतेही कलम परत देत नाही.