ही खुर्ची कोणी केली?

वर्गातली गुरुजींची लाकडी खुर्ची जरा निरखून पाहा. बहुधा तिचे मागचे दोन पाय सरळ वर जाऊन त्यांचीच पाठ झालेली दिसेल. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून अठराव्या शतकात रूढ झालेली ‘विंडसर’ खुर्ची अशी नसते. तिचा सारा भार एका जाड फळीच्या बैठकीवर असतो. खालून पाय आणि वरून पाठीच्या काड्या या फळीतील भोकांत घट्ट ठोकलेल्या असतात. अशी एखादी जुनी खुर्ची समोर आली, तर तिचा कारागीर कसा शोधाल?

प्रथम ठसा शोधायचा. नॉटिंगहॅमशायरमधील रॉकली या खेड्यातील निकल्सन आणि वॉकर या कारागिरांची नावे बैठकीच्या कडेवर ठोकलेली सापडतात. नाव मिळाले की जुन्या व्यापारी सूच्या आणि शिरगणतीचे कागद चाळायचे. १८४१ पासूनच्या ब्रिटिश शिरगणतीत माणसाचे नाव व धंदा दोन्ही आहेत. त्यावरून तो कोठे व केव्हा काम करीत होता, हे कळते. मात्र नुसती दोन अक्षरे असतील तर सावधान! ती खुर्चीच्या मालकाचीही असू शकतात.

ठसा नसेल तर लाकडाला विचारायचे. बैठक एल्मची आणि पाय बीचचे असतील, तर खुर्ची इंग्लंडची असण्याचा संभव अधिक. अमेरिकन कारागीर बैठकीला पाइन किंवा ट्युलिप पॉप्लर आणि पायांना बहुधा मेपल वापरीत.

आता पायाची जाडी एकाच जागी दोन दिशांनी मोजा. दोन्ही मापे सारखी येत नाहीत ना? ओले लाकूड वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने जेवढे आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच ते केंद्राकडे आक्रसते. म्हणून ओल्या लाकडाचा गोल कातलेला पाय वाळल्यावर किंचित लंबगोल होतो. ४० मि.मी. जाडीच्या पायात हा फरक एक-दीड मि.मी. भरतो. आधीच वाळवलेल्या लाकडाचा पाय जवळजवळ गोलच राहतो. अर्थात आजही कोणी ओले लाकूड कातू शकतो. तेव्हा एवढ्यावरून खुर्ची जुनी ठरत नाही.

आणि समजा, ठसा मिळाला, नावही मिळाले. मग शोध संपला का? बकिंगहॅमशायरमधील हाय विकम हे या धंद्याचे मोठे केंद्र. तेथे पाय कातणारे ‘बॉजर’ बीचच्या रानातच काम करीत. बैठक वाकसाने कोरणारा वेगळा आणि सगळे भाग जोडणारा आणखी वेगळा. ठसा एकाचा, हात मात्र अनेकांचे! म्हणून चांगला अभ्यासक पुराव्याने जेवढे सांगता येते तेवढेच सांगतो. ‘या भागातील, या सुमाराची खुर्ची, कारागीर अज्ञात’ हेही शास्त्रीय उत्तरच आहे.

आता प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर घ्या आणि एखाद्या जुन्या लाकडी लाटण्याची जाडी एकाच ठिकाणी, पण दोन दिशांनी मोजा. काय आढळते?