आधी कळसूबाई, मग तारे

दुर्बीण अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला नेली, आकाशही काळेभोर मिळाले, तरी वृषभाच्या शिंगाच्या टोकाजवळचा खेकडा तेजोमेघ सापडेना, तर दोष बहुधा मोठ्या दुर्बिणीचा नसतो. तिच्या पाठीवरचा फाइंडर, म्हणजे लक्ष्य शोधायची छोटी दुर्बीण, प्रवासात हललेला असतो. 1200 मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला 25 मिमीचा आयपीस लावला, की 48 पट वर्धन मिळते. पण आकाश दिसते जेमतेम एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी मावतील एवढेच. सहा-आठ पटींचा फाइंडर पाच ते सात अंश दाखवतो, म्हणून शोध त्यातून घ्यायचा. मात्र दोन्ही नळ्यांचा रोख एका अंशाने जरी चुकला, तरी फाइंडरच्या फुलीवर आणलेला तारा मोठ्या दुर्बिणीत येतच नाही.

दोन्ही नळ्यांची जुळवणी रात्री न करता उजेडी करावी, आणि त्यासाठी भंडारदऱ्याहून चांगली जागा क्वचितच मिळेल. आकाश तासाला पंधरा अंश सरकते. स्क्रू फिरवेपर्यंत तारा मध्यातून निसटतो. कळसूबाईचे शिखर कुठे जात नाही. शिवाय लक्ष्य दूरचे हवे. दोन नळ्यांत वीतभर अंतर असते, त्यामुळे वीस मीटरवरच्या विजेच्या खांबावर केलेली जुळवणी ताऱ्यांसाठी जवळपास अर्ध्या अंशाने चुकते. कळसूबाईच्या 1646 मीटर उंचीच्या शिखरावरचे देऊळ भंडारदऱ्याच्या शेंडी गावाहून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. तिथे ही चूक नगण्य ठरते. कमी वर्धनाच्या आयपीसमध्ये देऊळ मध्यावर आणून नळी घट्ट करा. मग फाइंडरचा एक स्क्रू सैल, समोरचा घट्ट, असे करत फुली देवळावर आणा आणि जास्त वर्धनाच्या आयपीसने पुन्हा तपासा. चित्र उलटे दिसले तरी बिघडत नाही. शिखर वायव्येकडे, तर हिवाळ्यातला सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, हीदेखील सोय; तरीही सूर्य पुरता बुडेपर्यंत नळी त्या बाजूला वळवायची नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो.

संगणकीय दुर्बिणीला हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. पण बऱ्याच संगणकीय दुर्बिणींनाही सुरुवातीला एक-दोन तारे मध्यावर आणून दाखवावे लागतात, आणि ते फाइंडरनेच सापडतात. लाल ठिपक्याच्या फाइंडरलाही हीच जुळवणी लागते. तारे तर कळसूबाईहून कितीतरी दूर, मग थेट ताऱ्यावरच का नको, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याला उत्तर ध्रुवतारा. तो इथून क्षितिजावर साडेएकोणीस अंशांवर जवळजवळ स्थिर असतो, म्हणून अंधार पडल्यावर शेवटची तपासणी त्याच्यावर करावी. शिखर ढगात असेल, तर बहुधा ध्रुवही दिसणार नाही! तेव्हा मुक्कामी पोहोचलात, की चहाच्या आधी दुर्बीण गाडीतून बाहेर काढा.