हवेतले नत्र आणि धानोऱ्याची बांधी

गडचिरोलीहून राजनांदगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे धानोरा हे जंगलाने वेढलेल्या तालुक्याचे ठिकाण असून या तालुक्यातील शेती प्रामुख्याने भाताची, म्हणजे स्थानिक बोलीत धानाची आहे. चारी बाजूंनी बांध घालून पाणी अडवलेल्या शेताच्या तुकड्याला येथे बांधी म्हणतात. या बांधीवरच्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही त्याच बांधीतले धान नत्राअभावी पिवळे पडते, कारण हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट बांधलेले असतात की बहुतेक वनस्पतींना ते वेगळे करून वापरता येत नाहीत. हा बंध तोडून नत्राचा हायड्रोजनशी संयोग घडवणे, म्हणजेच अमोनिया तयार करणे, हे नत्रयुक्त खतांच्या कारखान्याचे मूळ काम होय. नत्र सर्वत्र फुकट मिळते. हायड्रोजन मात्र कशातून तरी काढावा लागतो. त्यामुळे असा कारखाना कोठे उभा राहील हे हायड्रोजन कोठून आणि किती खर्चात मिळेल यावरून ठरते, खत कोणाला हवे आहे यावरून नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या शेतीप्रधान भागात कारखाना यावा अशी अपेक्षा व्यक्त होते तेव्हा ही बाब सहसा नजरेआड राहते.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत अमोनिया बनवून दाखवला आणि कार्ल बॉश यांनी ती क्रिया कारखान्याच्या प्रमाणावर नेली; १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला. लोहाधारित उत्प्रेरकावर, म्हणजे स्वतः खर्च न होता क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थावर, ४०० ते ५०० अंश तापमानात आणि वातावरणाच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाबाखाली नत्र व हायड्रोजन एकत्र येतात. आजच्या बहुतेक कारखान्यांत हा हायड्रोजन नैसर्गिक वायूवर तप्त वाफेची क्रिया करून मिळवला जातो आणि त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. तोच कार्बन डायऑक्साइड पुढे अमोनियाशी जोडून युरिया बनतो, त्यामुळे एका टन युरियासाठी सुमारे ०.५७ टन अमोनिया आणि पाऊण टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड लागतो. वितळलेला युरिया उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून थेंबाथेंबाने खाली सोडला जातो व वाटेत थंड होऊन त्याचे पांढरे दाणे बनतात. या दाण्यांत वजनाच्या ४६ टक्के नत्र असते.

भारतातील खतकारखान्यांचा इतिहास हा एका अर्थाने हायड्रोजनच्या शोधाचा इतिहास आहे. झारखंडमधील सिंद्री येथे १९५१ मध्ये उत्पादन सुरू झाले ते कोळशाच्या खाणींच्या सान्निध्यामुळे. पंजाबातील नांगल येथे १९६१ मध्ये भाक्रा धरणाच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन काढला जाऊ लागला. तर मुंबईत तुर्भ्याचा कारखाना १९६० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी उभा राहिला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील या प्रकारचा सर्वांत मोठा कारखाना अलिबाग तालुक्यातील थळ येथे आहे. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने तो उभारला आणि १९८५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. अलिबागही भाताचाच तालुका, परंतु थळची निवड भातासाठी झाली नाही. मुंबई हाय या समुद्रातील क्षेत्राचा वायू उरणला किनाऱ्यावर येतो आणि थळ तेथून जवळ आहे.

धानोऱ्याच्या दृष्टीने मात्र थळपेक्षा रामगुंडमचे उदाहरण अधिक बोलके आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंच्यापासून गोदावरी ओलांडून सुमारे शंभर किलोमीटर गेल्यावर तेलंगणातील हे औद्योगिक शहर लागते, आणि बल्लारशाहहून काझीपेटकडे जाणारी रेल्वे त्याच शहरातून जाते. १९७३ च्या तेलसंकटानंतर आयात होणाऱ्या तेलावर व नाफ्थ्यावर खतकारखाने चालवणे महाग झाले, तेव्हा देशातील दगडी कोळशापासून खत बनवण्याच्या कल्पनेला स्वाभाविकच बळ मिळाले. ओडिशातील तालचेर आणि गोदावरीकाठचे रामगुंडम येथे अशा कारखान्यांचे उत्पादन १९८० मध्ये सुरू झाले. छत्तीसगडातील कोरबा येथे योजलेला तिसरा कारखाना कधी कार्यान्वितच झाला नाही. कोळसा मर्यादित प्राणवायू आणि वाफेच्या सान्निध्यात अर्धवट जाळून त्याचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्या मिश्रणात रूपांतर करणे, ज्याला वायूकरण म्हणतात, ही या कारखान्यांची पद्धत होती.

कागदावर ही योजना निर्दोष होती, कारण सिंगरेणीच्या खाणींचा कोळसा, गोदावरीचे पाणी, रेल्वे आणि खताची गरज असलेला भाताचा प्रदेश असे सर्व काही रामगुंडमला एकत्र आले होते. तरीही दिवसाला १५०० टन युरियाच्या क्षमतेचा हा कारखाना आपल्या क्षमतेच्या जवळपासही नियमितपणे पोहोचू शकला नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३५ ते ४५ टक्क्यांपर्यंत असते. ही राख वायूकरणाच्या भट्टीत, नळ्यांत आणि धुलाईच्या यंत्रणेत साचत जाते, घासून झीज करते आणि वारंवार बंद करून दुरुस्ती करण्यास भाग पाडते. अमोनियाच्या कारखान्याला सलग चालण्याची गरज असते, कारण एकदा थंड झालेली यंत्रमालिका पुन्हा तापवून ठरलेल्या दाबावर आणण्यात दिवस आणि इंधन दोन्ही वाया जातात. विजेच्या अनियमित पुरवठ्याने त्यात भर घातली. तोटा साचत गेला आणि १९९९ मध्ये रामगुंडम व तालचेर हे दोन्ही कारखाने बंद पडले.

या बंद कारखान्याच्या जागेवर नवा कारखाना उभारण्यासाठी २०१५ मध्ये नॅशनल फर्टिलायझर्स, इंजिनिअर्स इंडिया आणि मूळ मालक असलेले भारतीय खत महामंडळ यांनी रामगुंडम फर्टिलायझर्स अँड केमिकल्स ही संयुक्त कंपनी स्थापन केली. ऑगस्ट २०१६ मध्ये पायाभरणी झाली आणि मार्च २०२१ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झाले. या प्रकल्पाचा खर्च सहा हजार कोटी रुपयांहून अधिक होता. नव्या कारखान्याची क्षमता दिवसाला २२०० टन अमोनिया व ३८५० टन युरिया, म्हणजे वर्षाला १२.७ लाख टन युरिया इतकी आहे. कोळशाच्या खाणी हाकेच्या अंतरावर असताना हा कारखाना चालतो तो आंध्रच्या किनाऱ्यावरील मल्लवरमहून साडेतीनशे किलोमीटरहून लांब नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर, आणि पाणी येते ते गोदावरीवरील येल्लमपल्ली जलाशयातून. वीस वर्षे ओस पडलेल्या जागेला पुन्हा जीव आला तो वायूवाहिनी तिथवर पोहोचल्यामुळेच.

असा एक कारखाना किती मोठ्या प्रदेशाला पुरतो, याचा हिशेब उद्बोधक आहे. हेक्टरी १०० किलो नत्र ही भाताच्या शिफारशीच्या आसपासची मात्रा धरली आणि ती सर्व युरियातून द्यायची ठरवली, तर हेक्टरी सुमारे २१७ किलो, म्हणजे ४५ किलोची पाचेक पोती युरिया लागतो. गडचिरोली जिल्ह्यातील भाताखालचे क्षेत्र दोन लाख हेक्टर मानले तर सगळ्या हंगामाची गरज ४४ हजार टनांच्या आत भागते, आणि रामगुंडमचा कारखाना तेवढा युरिया बारा दिवसांत तयार करू शकतो. तात्पर्य, जिल्ह्यासाठी किंवा तालुक्यासाठी म्हणून युरियाचा कारखाना ही गोष्टच संभवत नाही. लहान कारखाना दर टनामागे इतका महाग पडतो की आजच्या नियंत्रित किमतीत त्याला उभे राहणे अशक्य आहे. शेतकरी ४५ किलोच्या पोत्यासाठी २६६ रुपये ५० पैसे देतो आणि उत्पादनखर्चाचा उरलेला, बराच मोठा भाग केंद्र सरकार अनुदानातून भरते.

कारखाना जवळ असला म्हणजे खत वेळेवर मिळते, हाही समज तपासून पाहण्यासारखा आहे. कोणत्या राज्याला दरमहा किती युरिया जाणार हे केंद्र ठरवते; मालगाडीची रेक मालधक्क्यावर लागते, तेथून ट्रक सुटतात आणि माल कृषी केंद्रांत व सोसायट्यांत पोहोचतो. गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ वडसा म्हणजे देसाईगंज हे एकच रेल्वेस्थानक असल्याने रोवणीनंतर युरियाचा पहिला हप्ता देण्याच्या दिवसांत, जेव्हा मागणी एकदम उसळते, तेव्हा धानोऱ्यासारख्या आतल्या तालुक्यांना रस्त्यावरच अवलंबून राहावे लागते. २०२५ च्या खरिपात रामगुंडमचा कारखाना बिघाडामुळे ऐन ऑगस्टमध्ये बंद पडला आणि खुद्द तेलंगणातील शेतकऱ्यांना युरियासाठी रांगा लावाव्या लागल्या. मोठ्या कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना त्याच्या बिघाडाचाही वाटा मिळतो.

चंद्रपूरच्या कोळशाकडे आता पुन्हा लक्ष वळले आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळशाच्या वायूकरणासाठी ८५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि त्या योजनेत भद्रावती परिसरातील एका खासगी प्रकल्पाचीही निवड झाली. मात्र त्यातून प्रामुख्याने निघायचे आहे ते अमोनियम नायट्रेट, ज्याचा आपल्याकडील मुख्य उपयोग शेतात नसून खाणींतील सुरुंगांच्या दारूत आहे. कोळशाच्या मदतीने पकडलेले नत्र पुन्हा कोळसा फोडण्यासाठी वापरायचे, असा हा फेरा आहे. त्यातून धानाच्या बांधीला काय मिळणार, हे उघड आहे. विदर्भात युरियाच्या कारखान्याचा जो प्रस्ताव अलीकडे चर्चेत आला तो नागपूरजवळचा आहे, आणि त्यामागचे कारणही पुन्हा वायूवाहिनी हेच आहे.

समजा, वायूवाहिनी पूर्वेकडे वाढवून धानोऱ्यापर्यंत आणली, तरी जमिनीचा प्रश्न उरतो, आणि तो इतर ठिकाणांहून वेगळा आहे. हा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना विशेष अधिकार दिले, २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सामूहिक वनावरील हक्काला मान्यता दिली आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक केली. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला आणि २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली समाईक करण्याचा निर्णय घेतला. सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या अशा ग्रामसभेपुढे उणे ३३ अंशांवर द्रवरूप अमोनिया साठवणाऱ्या टाक्या, गळती झाल्यास गाव रिकामे करण्याची योजना आणि नदीतून उपसायच्या पाण्याचा हिशेब ठेवावा लागेल. रामगुंडमच्या जुन्या कारखान्याच्या वेळी हे प्रश्न विचारण्याचा कायदेशीर अधिकार कोणत्याही गावाला नव्हता.

एवढा खटाटोप करून बनवलेल्या युरियाचे बांधीत प्रत्यक्ष काय होते, हा विचार कारखान्याच्या चर्चेत फारसा होत नाही, वास्तविक त्याचे महत्त्व अधिक आहे. साचलेल्या पाण्यावर फेकलेला युरिया काही दिवसांतच अमोनियात बदलतो आणि त्याचा काही भाग हवेत उडून जातो. काही भागाचे नायट्रेट बनते व चिखलातील जिवाणू त्याचे पुन्हा नत्रवायूत रूपांतर करतात. काही पाण्याबरोबर वाहून जातो. परिणामी भाताला दिलेल्या नत्रापैकी साधारणपणे ३० ते ४० टक्केच पिकाच्या उपयोगी पडते. हवेतून मोठ्या दाबाखाली पकडलेले निम्म्याहून अधिक नत्र अशा रीतीने वाया जाते.

यावरचा एक उपाय महाराष्ट्रातच घडला आहे. मृदाशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीत भाताचे तूस जाळून मिळालेली राख रोपवाटिकेत देणे, गिरीपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणे, १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर नियंत्रित रोवणी करणे आणि युरिया-डीएपीची दाबून बनवलेली गोळी जमिनीत खोचणे ही चार सूत्रे आहेत. चार चुडांच्या, म्हणजे एकत्र रोवलेल्या रोपांच्या जुड्यांच्या, मध्ये २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल गेली की हेक्टरी सुमारे ६२,५०० गोळ्या, म्हणजे १७० किलो खत पुरते. त्यात नत्र साठ किलोच्या आतच असते. चिखलात खोल बसलेल्या गोळीतील नत्र वर साचलेल्या पाण्यात फारसे न मिसळता सावकाश मुळांपाशी सुटते. ही गोळी दाबणारे यंत्र एका खोलीत मावते, त्याला वायूवाहिनी लागत नाही आणि तालुक्याच्या गावी ते चालवता येते. अडचण आहे ती श्रमाची. गोळी रोवणीच्याच दिवशी हाताने खोचावी लागते आणि त्याआधी दोरी धरून ओळीत रोवणी करावी लागते, तर रोवणीच्या त्या दिवसांत प्रत्येक बांधीवर बायांची मजुरी आधीच चढलेली असते. अनेक शेतकरी तर रोवणीही टाळून आवत्या, म्हणजे थेट बी फेकून धान पेरतात, आणि आवत्याच्या धानात चार चुडांचा चौकोनच सापडत नाही.