आधी कान, मग तोंड

तिवसा गावातल्या गच्चीवरून हौशी रेडिओवाल्याला खालच्या कक्षेतला उपग्रह गाठायचा, तर हाती साधारण दहा-बारा मिनिटं. ५ मे २००५ ला श्रीहरिकोटाहून सुटलेला ‘हॅमसॅट’ उपग्रह २०१४ पर्यंत अशा हौशी लोकांचे आवाज पुढे पोचवत होता. त्याची ताकद जेमतेम एका वॅटची, तीही सगळ्यांत वाटलेली. पंगतीत एकानेच परात ओढावी, तसं कुणी खालून जोर लावला की बाकीचे दबतात. नीट ऐकू येत नाही म्हणून लोक वॅट वाढवतात, आणि दोष निघतो अँटेनापासून रेडिओपर्यंतच्या लांब केबलचा! क्षीण संदेश तिच्यातच विरतो. म्हणून क्षीण संदेश वाढवणारा प्रीअँप्लिफायर वर, अँटेनालगत हवा. खाली रेडिओजवळ लावला तर खरखरही तेवढीच वाढते. बोलताना हेडफोनमध्ये उपग्रहाकडून परतणारा स्वतःचा आवाज ऐकत राहावं. तो येत नसेल, तर बोलण्याचं बटण सोडावं.