ख्रिस्ती घरातील आजी-आजोबा

मराठी ख्रिस्ती समाजात आजी-आजोबांचे स्थान फार जुने नाही, असे म्हटले तर ऐकणाऱ्यास प्रथम नवल वाटेल. आजी-आजोबा कोणत्या समाजास नसतात? परंतु हिंदू घरात आजी नातवंडास जवळ घेऊन ध्रुवबाळाची कथा सांगते आणि ती कथा तिने स्वतःच्या आजीपासून ऐकलेली असते; त्या अर्थाने पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती घरात आजी नव्हतीच. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले, रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली. अशा मनुष्याचा बाप्तिस्मा झाला की बहुधा नातलगांचा अन्नव्यवहार तुटे, आणि मुलांचे आजोळही त्यातच जाई. नगर जिल्ह्यातील खेड्यांत जेथे कुटुंबेच्या कुटुंबे ख्रिस्ती झाली, तेथे आजी घरात राहिली खरी. परंतु तिला अक्षर ओळखता येत नसे, व नव्या शास्त्रातील कथा तीच मिशनशाळेत जाणाऱ्या नातवाच्या तोंडून ऐके. आजीने नातवास धर्म सांगावा हा जगाचा क्रम तेथे काही काळ उलटा चालला होता.

हा क्रम पुन्हा सुलटा कसा झाला, याचे एक ठळक उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. पतीने धर्मांतर केल्यावर काही वर्षे त्या लहानग्या दत्तूस घेऊन आपल्या माणसांत वेगळ्या राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या व कालांतराने स्वतःही ख्रिस्ती झाल्या. १९१९ साली टिळक गेले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी दत्तूच्या, म्हणजे देवदत्तांच्या, आग्रहावरून आपल्या आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ या नावाने त्या १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाल्या. १९३६ साली त्यांचे देहावसान झाले. याच ग्रंथाची साक्षेपाने संपादिलेली आवृत्ती पुढे त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी सिद्ध केली. आजीने सांगावे, मुलाने लिहवून घ्यावे आणि नातवाने जपावे, अशी ही परंपरा एकाच घरात तीन पिढ्यांत उभी राहिली. मराठी वाङ्मयाचा लाभ झाला तो निराळाच.

मावळातील ख्रिस्ती घरांची गोष्ट साधारण याच वळणाची आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी जाऊ लागली आणि लोणावळा-खंडाळ्याचे रूप पालटले. इंजिने, रूळ, स्टेशन, बंगले आणि शाळा यांच्या निमित्ताने जी माणसे येथे आली, त्यांत गोव्याकडील, अँग्लो-इंडियन आणि नगर-पुण्याकडील मराठी ख्रिस्ती असे तिन्ही प्रकारचे लोक होते. रेल्वेच्या खोलीत जन्मलेली त्यांची मुले आज आजोबा झाली आहेत. त्यांच्या मुलांनी तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत नोकऱ्या धरल्या. १९७८ पासून लोणावळा-पुणे लोकल गाडी धावू लागली, २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. अंतर कमी झाले, आणि गंमत अशी की घरे मात्र दूर गेली. मुलगा व सून वाकडला किंवा पिंपरीला. म्हातारा-म्हातारी लोणावळ्याच्या पावसात. मग नातवंडास सांभाळण्यासाठी आजी तिकडे जाते, आजोबा शनिवारच्या लोकलने मागून जातात, किंवा सुट्टीत मूल इकडे येते. मूल इंग्रजी शाळेत शिकते, इंग्रजीतच देवाची गाणी म्हणते. आजीचे पवित्र शास्त्र मराठी, तिची भजने टिळकांची. ती दोघे एका खोलीत बसतात, पण प्रार्थनेला एक भाषा मिळत नाही.

अशा वेळी आजी-आजोबांपुढे जो प्रश्न येतो तो केवळ सवडीचा नाही. मुलाच्या धर्मशिक्षणावर अधिकार कोणाचा? नातवास रविवारी उपासनेला न्यायचे, पण मुलगा म्हणतो की रविवार हा एकच विसाव्याचा दिवस आहे. सून दुसऱ्या धर्माची असेल तर बाप्तिस्म्याचा विषयच काढावा की नाही, इथपासून अडचण. कित्येक प्रेमळ आजोबा येथेच चुकतात. ते आईबापांना वळसा घालून मुलास हाताशी धरतात.

पुणे जिल्ह्याच्याच इतिहासात या प्रश्नाची एक विलक्षण हकीकत सापडते. पंडिता रमाबाईंचे मातापिता १८७४ साली दुष्काळाच्या दिवसांत गेले. पती बिपिनबिहारी दास यांच्याशी विवाह होऊन दोन वर्षे पुरी होतात न होतात तोच, १८८२ साली, तेही निवर्तले. कन्या मनोरमा हिला आजी-आजोबांचे सुख कोणत्याच बाजूने उरले नाही. १८८३ साली रमाबाई मुलीसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे धर्मभगिनींकडे राहत असताना दोघींचा बाप्तिस्मा झाला. तेथील सिस्टर जेराल्डिन यांनी मायलेकींवर इतकी माया केली की रमाबाई पत्रांतून त्यांना ‘आजीबाई’ म्हणू लागल्या. परक्या देशात, परक्या भाषेत, एका मराठी मुलीला अशी आजी लाभली.

परंतु पुढे याच आजीबाईंशी रमाबाईंचा खटका उडाला. मनोरमेला कोणते सिद्धान्त शिकवावेत हे मठाच्या शिस्तीने ठरावे, असे सिस्टर जेराल्डिन यांचे मत. ज्या गोष्टी आपल्या स्वतःच्या बुद्धीस अजून पटलेल्या नाहीत त्या आपल्या मुलीच्या मनावर ठसवू नयेत, तिच्या शिक्षणाची जबाबदारी आईची आहे, असा रमाबाईंचा आग्रह. १८८५ च्या सुमाराची ती पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. ती वाचताना कोणाही आजीला अवघडल्यासारखे होईल. कारण सिस्टर जेराल्डिन दुष्ट नव्हत्या. त्यांची माया खरी होती, श्रद्धा खरी होती, आणि मुलीच्या आत्म्याची काळजीही खरी होती. तरीही त्या प्रकरणी रमाबाईंचीच बाजू न्यायाची होती असे म्हणावे लागते. मायेने अधिकार उत्पन्न होत नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की इतका वाद होऊनही पत्रे थांबली नाहीत. नाते शाबूत राहिले म्हणून पुढेही मनोरमा शिक्षणासाठी पुन्हा वाँटेजला जाऊ शकली. मग अमेरिकेत शिकून ती आईच्या कार्यात हातभार लावण्यास परत आली.

रमाबाईंचा लोणावळ्याशीही संबंध आहे. त्या काळी येथे रानातल्या मोकळ्या जागी ख्रिस्ती लोकांचे शिबिरमेळे भरत. अशा एका मेळ्यास रमाबाई आपल्या पंधरा मुलींसह आल्या असताना, या पंधरांच्या पंधरापट मुली मिळाव्यात अशी त्यांनी प्रार्थना केली. त्यानंतर मध्यप्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ पडला, आणि तेथून आणलेल्या अनाथ मुलींमुळे केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. त्या मुलींपैकी ज्यांची पुढे लग्ने झाली, त्यांच्या मुलांना आजोळ म्हणून सांगायला केडगावच होते.

शास्त्रात या विषयावर उपदेश थोडा आणि उदाहरणे अधिक आहेत. तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके या दोघींच्या विश्वासाचा उल्लेख पौलाच्या पत्रात एकत्र येतो. त्याचा बाप ग्रीक होता. म्हणजे ते घर आजच्या भाषेत मिश्र विवाहाचे. आजीने आईला बाजूस सारून काही केल्याचा मागमूस तेथे नाही. नामीची कथा तर सासू-सुनांनी मुद्दाम वाचावी. सून रूथ परजातीची, मवाबी. तिच्या मुलास, ओबेदास, नामीने उराशी धरले. आणि याकोबाने योसेफाच्या दोन मुलांना आशीर्वाद देताना हात उलटे केले, तेव्हा योसेफाला ते रुचले नाही. आजोबा आणि बाप यांच्यातील मतभेद इतका जुना आहे!

मग आजी-आजोबांनी करावे काय? प्रथम, मुलाशी व सुनेशी मोकळेपणाने बोलावे: घरात प्रार्थना केलेली चालेल काय, रविवारी मूल नेलेले चालेल काय. नकार मिळाला तर तो मानावा. आजीने आपली प्रार्थना आपल्या खोलीत करावी. मुलास ती दिसतेच, त्यासाठी निराळी योजना लागत नाही. सून हिंदू असेल तर तिच्या दिवाळीला आजीने पणती लावण्यास मदत केल्याने आजीचा विश्वास उणा होत नाही. मराठी ख्रिस्ती घरात नाताळला करंज्या, चकल्या आणि अनारसे होतातच. तो फराळ करताना नात जवळ बसली आणि बेथलेहेमची हकीकत विचारू लागली, तर ती सांगण्यास कोणाचीही आडकाठी नसते.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि येथे आजोबा जे करू शकतात ते दुसऱ्या कोणासही शक्य नाही. जुन्या भाषांतराची मराठी आजच्या मुलास अवघड जाते हे खरे. म्हणून धडा आधी आपल्या साध्या बोलीत सांगावा, मग दोनच ओळी वाचून दाखवाव्यात. ‘उपासनासंगीत’ घेऊन रोज एकच भजन चालीवर म्हणावे. चाल आधी ओठांवर बसते, शब्द मागून येतात, अक्षरे त्यांच्याही मागून. टिळकांनी इंग्रजी चालींच्या जागी अभंग-ओव्या आणल्या त्या याच कारणाने. मूल वाकडला आणि आजोबा लोणावळ्यास असतील तर दूरध्वनीवर रात्री पाच मिनिटे पुरतात. मूल कंटाळण्यापूर्वी थांबण्याचे पथ्य तेवढे पाळावे.

या सर्वाला एक दुसरी बाजूही आहे. कित्येक घरांत आजी म्हणजे बिनपगारी पाळणाघर झाले आहे. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत मूल सांभाळून तिचे गुडघे धरतात, तिची महिलामंडळाची सभा बुडते, ज्या मंडळीत तिने आयुष्य काढले तेथे ती पाहुणी होते. मुलांनी हे ओळखले पाहिजे. २००७ च्या कायद्याने निर्वाह न चालणाऱ्या आजी-आजोबांस सज्ञान मुला-नातवंडांकडून पोटगी मागता येते. उलट, १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यान्वये अज्ञान मुलाचा पालक नेमताना न्यायालय प्रथम मुलाचे हित पाहते, आणि बाप हयात व लायक असताना आजोबांचा दावा सहसा टिकत नाही. कॅथलिक मंडळीत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व वृद्धजनांचा दिवस सुरू केला. येशूचे आजी-आजोबा मानले गेलेले संत योआकिम व अन्ना यांचा सण २६ जुलैस असतो, म्हणून तो महिना. लोणावळ्यात त्या दिवशी बहुधा मुसळधार पाऊस असतो.

आणखी एक काम राहते, ते लिहिण्याचे. आपले मूळ गाव कोणते, घरात पहिला बाप्तिस्मा कोणाचा, कोणत्या पाळकाच्या हातून, त्या वेळी कोण दुरावले आणि कोण गुपचूप भेटत राहिले, हे आजोबांनी साध्या वहीत लिहून ठेवावे. १९७० साली निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या मिळून उत्तर भारतीय मंडळी झाली, तरी त्याआधीच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदवह्या अनेक ठिकाणी जपलेल्या आहेत. नातवास बरोबर नेऊन ती नोंद त्यास दाखवावी. नोंदवहीत तारीख, आईबापांची नावे आणि पाळकाची सही मिळते. कोण दुरावले, कोण भेटत राहिले, हे तेथे लिहिलेले नसते.